दोन्ही शब्द गाऊन दाखवणारे भाऊ

भाऊ इंग्रजी गाण्याची एकच ओळ दोनदा गाऊन दाखवत. एकदा 'इन द रिव्हर', एकदा 'बाय द रिव्हर', आणि गाताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत. आमगावात लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवणारा हा माणूस स्वतः इंग्रजी गाणी लिहितो म्हटलं की लोक आधी हसत. मग ऐकत.

"मोठे शबद डिक्शनरीत भेटतेत, सरजी," ते म्हणत. "हे बारके मात्र माणसालेच इचारा लागते."

माणूस म्हणजे मी. कॉलेजात इंग्रजी शिकवतो. वहीत जिथे अडे तिथे ते दोन शब्द एकाखाली एक लिहून आणत. त्यातला एक मी खोडायचा. चहाला थांबत नसत. "चहात ध्यान गेलं का तुमी घाईनं हो म्हनाल." एकदा एका शब्दावरून तासभर वाद झाला. शेवटी म्हणाले, "तुमचा बरोबर आहे जी, पर सूर माह्याकडं येऊन राहिला." मी त्यांचाच शब्द ठेवला.

साठी जवळ आली तशी क्लॅरिनेटला फुंक पुरेना. वरातीतल्या जनरेटरच्या धुरानं छाती भरायची. गावातल्या एका इंग्रजी शाळेनं सांगितलं, संमेलनात तुमचं गाणं बसवा, पसंत पडलं तर संगीत शिकवायला घेऊ. बसून करायचं काम. भाऊ वही माझ्याकडे ठेवून गेले. आठवड्यानं परत आले, तोवर मी ती उघडलीही नव्हती. त्यांच्यासमोरच फोनवर बोलत बोलत प्रत्येक जोडीतला खालचा शब्द खोडत गेलो. एकही ओळ वाचली नाही.

"एवढ्या लवकर?" भाऊंनी विचारलं.

"आधीच नीट वाचलं होतं," मी म्हणालो.

त्या दिवशी त्यांनी काही गाऊन दाखवलं नाही. मी वाचलंय म्हटल्यावर त्यांना गरज वाटली नाही.

संमेलनात मुली गायल्या. नदीकाठी वाट बघणारी लेक माझ्या खोडण्यानं थेट नदीत बसली होती. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हस होय का बे?" सगळा मंडप हसला. दोन मुली गाताना रडायला लागल्या. संस्थाचालकांनी माइकवरच विचारलं, "ये गाना चेक किसने किया?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी पहिल्या रांगेत होतो, पाहुणा म्हणून. हातातली कार्यक्रमपत्रिका वाचत राहिलो.

"माहीच चूक होय जी," भाऊ म्हणाले. "घाई झाली."

शाळेनं त्यांना घेतलं नाही. माझ्या अंगणात ते पुन्हा आले नाहीत. रस्त्यात भेटले की "बरं आहे का सरजी" एवढंच. आज जाऊन सांगतो, असं मी किती वेळा ठरवलं! चार लग्नसराया गेल्या. गेल्या उन्हाळ्यात देवरीला वरातीत वाजवता वाजवता ते रस्त्यावरच बसले. उठले नाहीत.

शोकसभेत नदीतल्या गाण्याचाही किस्सा निघाला. "भाऊले इंग्रजी येत नोयती, पर हौस मोठी!" बोलणारा प्रेमानंच बोलत होता. समोर बसलेल्या भाऊंच्या बायकोनं, वहिनींनी, मान खाली घातली. मग माइक माझ्याकडे आला, इंग्रजीचा माणूस म्हणून. भाऊंना इंग्रजी येत होती, चूक माझी होती, एवढंच सांगायचं होतं. वहिनी बघत होत्या.

"भाऊ फार साधे होते," मी म्हणालो, आणि खाली बसलो.