तिसऱ्या संध्याकाळची टेप

माझा दादा मोटारी गुंडाळतो. चारचाकी नव्हे, पंख्याच्या, मिक्सरच्या, पाण्याच्या पंपाच्या. जळालेली मोटार आली की तो ती उघडतो, काळी पडलेली तांब्याची तार सोडवतो, जुने वेढे होते तेवढेच नव्या तारेचे घालतो, वॉर्निश लावून भट्टीत सुकवतो. मग मोटार चालू करतो आणि डोळे मिटून ऐकतो. वेग कमी पडतोय, कुठे घासतंय, विजेचा दाब पुरत नाहीये, सगळं त्याला आवाजावरून कळतं. दुकान वडिलांचं होतं, आता आमचं दोघांचं आहे. वेढे मी मोजते, कारण दादा मोजता मोजता गुणगुणायला लागतो आणि आकडा विसरतो. गिऱ्हाइकांशी भांडतेही मीच, कारण ते त्याला या जन्मात जमणार नाही. तो मला फौजदार म्हणतो. म्हणू दे.

या माझ्या दादाची एक गोष्ट एका माणसाने ढापली, आणि मी त्या माणसावर चौदा वर्षं डूख धरून होते. आधीच सांगून टाकते, मला त्याचा पस्तावा वगैरे काही नाही. क्षमेबिमेबद्दल ऐकायचं असेल तर दुसरं घर बघा.

दादाला आयुष्यात एकच नाद, एक गायक. प्रोग्रेसिव्ह रॉक गाणारा. ते काय असतं, असं मी लहानपणी विचारलं तेव्हा दादा म्हणाला, एका गाण्यात चार गाणी असतात, ताल मधेच बदलतो आणि टाळी कुठे वाजवायची ते कुणालाच कळत नाही. गाणं वीस-वीस मिनिटं चालतं. मला तर त्यात भांडी पडल्याचा भास व्हायचा, पण ते असो. तर हा गायक एका मोठ्या बँडमध्ये होता. तो बँड ऐन भरात असताना हा भांडून बाहेर पडला आणि एकटाच गायला लागला. एकटा म्हणजे सोबत फक्त एक ऑर्गन वाजवणारा. आमच्या गावात त्याने टायपिंग क्लासच्या वरच्या हॉलमध्ये लागोपाठ चार संध्याकाळी कार्यक्रम केले. बँडचे चाहते रुसलेले, त्यामुळे कुत्रं फिरकलं नाही. दीडशे खुर्च्या आणि माणसं पस्तीस-चाळीस. त्यात चारही दिवस माझा दादा होता. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

जाताना त्याने मांडीवर मावेल असा टेपरेकॉर्डर नेला होता. हॉलमध्ये जवळपास कुठे प्लग नव्हता, म्हणून तो सेलवर चालवला. चार संध्याकाळच्या चार कॅसेट झाल्या. रोज घरी आल्यावर तो वहीत लिहून काढायचा, कोणतं गाणं आधी झालं, गायक कुठे अडखळला, कुठे हसला, पाणी कधी प्यायला. पुढे तो गायक जगभर गाजला, आणि त्याच्या त्या सुरुवातीच्या कार्यक्रमांची जगात एवढीच खूण उरली. पण दादाला कुठे मिरवायचं ठाऊक? दुपारी काम कमी असलं की एखादी कॅसेट लावायची आणि आपण वॉर्निश ढवळत बसायचं, एवढंच त्याचं सुख.

अशाच एका दुपारी पंप घेऊन अध्यक्ष आला. गायकाच्या चाहता मंडळाचा अध्यक्ष. तेव्हा मंडळात सहा माणसं होती, तरी त्याच्या खिशाला अध्यक्ष लिहिलेला बिल्ला होता. त्याने टेप ऐकली आणि पंप विसरला. आठ दिवसांसाठी द्या म्हणाला, नक्कल करून आणून देतो. दादाने चारही कॅसेट दिल्या, वर आपणहून वही दिली. मी डोळे वटारले तर मलाच म्हणाला, अगं, त्यालाही आवडतं ना.

आठ दिवसांचे दोन महिने झाले, मग वर्ष झालं. मग एकदम पुस्तकच आलं. अध्यक्षाच्या आठवणी, अध्यक्षाचा फोटो. त्या चार संध्याकाळी तो म्हणे तिसऱ्या रांगेत बसला होता. वहीतली वाक्यंच्या वाक्यं जशीच्या तशी, पाणी प्यायल्यासकट. आणि दादाबद्दल काय लिहिलं होतं? ‘शेजारी एक गबाळा इसम सारखा खोकत होता. त्या ऐतिहासिक ध्वनिमुद्रणाचा त्याने सत्यानाश केला.’

तो खोकला दादाचा होता. वॉर्निशच्या वाफेने त्याला तो तेव्हापासून आहे.

दादाने ते पान उभ्याउभ्या वाचलं, पुस्तक मिटलं आणि काचकागदाच्या खणात टाकलं. म्हणाला, जाऊ दे. मी जाऊ देणार होते की काय? तडक अध्यक्षाच्या घरी गेले आणि कॅसेट मागितल्या. तो दारातच उभा राहून गोड हसत म्हणाला, ‘कुठल्या कॅसेट, ताई? तुमचा काहीतरी गैरसमज होतोय.’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरी आग लागली ती पुढच्या आठवड्यात. खोकल्याची उबळ आली की दादा हातातलं काम ठेवून बाहेर जाऊन खोकायला लागला. स्वतःच्या बापाच्या दुकानातून बाहेर! विचारलं तर म्हणे, सवय लागली. त्या दिवशी मी ठरवलं की हा माणूस चारचौघांत खोटा पडला पाहिजे, आणि माझा दादा त्याच चारचौघांत ताठ उभा राहिला पाहिजे. आणि तेही दादाच्या डोळ्यांदेखत.

हत्यार मला अध्यक्षानेच दिलं. पुस्तकात त्याने तिसऱ्या संध्याकाळवर एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. त्या दिवशी म्हणे वीस मिनिटांच्या गाण्यात गायकाचा सूर हळूहळू चढत गेला, लयही वाढत गेली, शेवटी तर तो जमिनीवरून उचलला गेल्यासारखा वाटला. याला त्याने नावही दिलं, चढता सूर. ते वाचून दादा त्या अवस्थेतही हसला होता. मला म्हणाला, अगं, सेल उतरले होते. सेल उतरला की मोटार मंदावते, टेप हळू फिरते. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगाने लावली की आवाज चढा आणि घाईचा येतो. सेल जसजसे मरत गेले तसतसा सूर वर गेला. गायक बिचारा होता तिथेच होता. चौथ्या दिवशी दादाने नवे सेल घातले, म्हणून ती टेप सरळ आहे.

हे कुणाला सांगू नकोस, असंही तो म्हणाला. त्याला लाज वाटत होती. मी सांगितलं नाही. मूग गिळून बसले, कारण मला अध्यक्षाला अजून वर चढू द्यायचं होतं.

आणि काय चढला हो! दादाची टेप स्वतःची म्हणून वाजवत, वाटत चढत्या सुरावर व्याख्यानं दिली. मंडळ सहाचं दोनशेवर गेलं. पोरंपोरी त्या गाण्याची नक्कल करताना मुद्दाम सूर चढवायला लागली. कुणी जाणकाराने शंका काढली की हा विचारायचा, ‘तुम्ही होतात का तिथे?’ की समोरच्याची बोलती बंद. मी प्रत्येक व्याख्यानाला मागच्या रांगेत जाऊन बसायचे आणि टाळ्या वाजवायचे. त्याला वाटलं बाई वठणीवर आली. एकदा तर त्याने मला पुस्तकावर सही करून दिली.

यंदा त्या कार्यक्रमांना चाळीस वर्षं झाली. मंडळाने रविवारी सकाळी आठवणींचा मेळावा ठेवला. गायक आता कुठे येत-जात नाही, पण त्याचा ऑर्गनवाला पाहुणा म्हणून येणार होता आणि अध्यक्षाचा पहिला साक्षीदार म्हणून सत्कार व्हायचा होता. मला त्या आठवड्यात जेवण गेलं नाही. दादाला मेळाव्याला चल म्हटलं असतं तर तो पळून गेला असता. म्हणून सांगितलं, हॉलच्या पंख्याची मोटार घरघरतेय, बघायला बोलावलंय. बिचारा हत्यारांची पिशवी घेऊन आला. आत एवढी गर्दी बघून माझ्याकडे असं बघितलं त्याने की सांगता सोय नाही. मी त्याला पाचव्या रांगेत दाबून बसवला.

लोकांनी आपापल्या आठवणी सांगितल्या. बहुतेक सगळ्या टेपवरच्या, कारण तिथे होतं कोण? मग अध्यक्ष उठला आणि चढत्या सुरावर अर्धा तास बोलला. डोळे पाणावले त्याचे. ऑर्गनवाला शेजारी बसून भुवया वर करून ऐकत होता. प्रश्न विचारा म्हटल्याबरोबर मी हात वर केला. म्हटलं, मला पाहुण्यांना विचारायचंय, तिसऱ्या संध्याकाळी गायकाचा सूर चढत गेला तेव्हा तुम्ही ऑर्गनवर काय केलंत?

म्हातारा गोंधळला. म्हणाला, ‘काही नाही. मला काय करता येणार? ऑर्गनचे सूर कारखान्यातून ठरून येतात, ते केसभरही सरकत नाहीत. तो चढला असता तर आम्ही दोघं बेसूर झालो असतो. तसं काही झालं नव्हतं.’

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष हसत म्हणाला की टेपवर तर स्पष्ट ऐकू येतं.

‘टेपवर येतं,’ मी म्हटलं. ‘पण तुम्ही तर तिथे होतात ना? तुमच्या कानांनी काय ऐकलंत?’

चौदा वर्षं मी हे वाक्य घोटत होते. त्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. मग मी सेलचं सगळं सांगितलं, मोटार कशी मंदावते, टेप कशी रेंगाळते, सगळं. कुणीतरी फिदीफिदी हसलं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीला मात्र रडू आलं, मग आम्ही एवढी वर्षं ऐकलं ते काय, म्हणून. तिचं मला वाईट वाटलं. अध्यक्षाचा चेहरा पांढराफटक पडला होता, त्याचं नाही वाटलं. म्हटलं, ज्याचे सेल होते तो माणूस पाचव्या रांगेत बसलाय.

दादा उभा राहिला. पिशवी छातीशी धरून ऑर्गनवाल्याला म्हणाला की सेल जुने होते, बदलायला हवे होते, माझी चूक झाली, माफ करा. चाळीस वर्षं हा माणूस ते उरावर घेऊन फिरत होता, आणि मला ते तिथे कळलं. बोलता बोलता त्याला उबळ आली. तोंडावर हात धरून तो दाराकडे निघाला.

‘थांबा,’ ऑर्गनवाला उठून उभा राहिला. ‘हा खोकला मला माहीत आहे. दिवे डोळ्यांवर असायचे, आम्हाला खुर्च्या दिसायच्या नाहीत. हा खोकला ऐकू आला की आमचा गायक मला म्हणायचा, आला रे, चल सुरू करू.’

लोक उठून उभे राहिले. दादा तिथेच खोकत राहिला, सगळ्यांच्या मध्ये, आणि कुणी त्याला बाहेर जाऊ दिलं नाही. अध्यक्ष मागच्या दाराने कधी गेला ते कुणी बघितलं नाही. मी बघितलं.

तीन दिवसांनी दुपारी तो दुकानात आला. बिल्ला नव्हता. चार कॅसेट आणि वही त्याने काउंटरवर ठेवली. मी प्रत्येक कॅसेट उघडून बघितली, वहीची पानं चाळली आणि म्हटलं, एवढ्याने भागणार नाही, पुस्तकात छापा की तुम्ही तिथे नव्हतात.

‘होतो,’ तो म्हणाला. ‘रस्त्याच्या पलीकडे.’

मग त्याने खाली बघत सांगितलं. बँडच्या चाहत्या पोरांनी शपथ घेतली होती की त्या गद्दाराच्या कार्यक्रमाला कुणी जायचं नाही. आपल्यातलं कुणी जातंय का, यावर नजर ठेवायला याला उभं केलं होतं. चारही संध्याकाळी हा समोरच्या पायरीवर बसून होता. वरची खिडकी कुणी उघडली तर तेवढं गाणं ऐकू यायचं, मग कुणीतरी ती लावून घ्यायचं. दुसऱ्या संध्याकाळी तो जिन्यापर्यंत आला होता. तिथून परत फिरला.

माझ्या जिभेवर दहा उत्तरं होती, एकापेक्षा एक जहरी. त्यातलं कुठलं आधी मारावं याचा मी विचार करत होते. तेवढ्यात दादाने हातातली पक्कड खाली ठेवली.

‘मग आत का नाही आलात?’ त्याने विचारलं. ‘खुर्च्या रिकाम्या होत्या. माझ्या शेजारची रोज रिकामी असायची.’

टोमणा नव्हता तो. दादाला टोमणा मारता येत नाही. त्याला खरंच कळत नव्हतं की एवढं आवडतं तर माणूस आत का येत नाही.  अध्यक्ष स्टुलावर बसला, तोंड हातांत घातलं आणि रडायला लागला, खांदे हलवून हलवून, अगदी बघवेना असा. चौदा वर्षं मी जो घाव घालायला टपले होते तो मेळाव्यात बसलाच नव्हता. तो आत्ता बसला, दादाच्या हातून.

दादा घाबरून माझ्याकडे बघायला लागला, आपण काय चुकीचं बोललो म्हणून. मग त्याने मला खूण केली, त्यांना पाणी आण. मी उठले, पण मुद्दाम सावकाश उठले.