भासरे, भावसून आणि मधला ड्रायर

“ड्रायरले म्हणा, डोकं गहाण ठेवलं का?” क्वालिटी हेड ओरडली.

ड्रायर गप्प होता. त्याच्या शेजारी उभे असलेले ऑपरेशन्स हेड रिकाम्या पिंपाकडे पाहत म्हणाले, “ड्रायर म्हन्ते, आपलं काम पाहा.”

मी खुर्चीत चहा घेऊन बसलो होतो. त्या स्टार्टअपमधला माझा पहिलाच दिवस. राइस मिलच्या मॅनेजरकीतून निवृत्त झाल्यावर गोंदियाच्या एका इन्क्युबेशन सेंटरने मला मेंटॉर नेमलं होतं. इन्क्युबेशन सेंटर म्हणजे नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणारी संस्था, आणि मेंटॉर म्हणजे ज्याचा सल्ला सगळे मान डोलावून ऐकतात आणि कोणी पाळत नाही तो माणूस.

कंपनी अर्जुनी मोरगावजवळच्या एका गावात, जुन्या गोठ्यात होती. तलावातले शिंगाडे घ्यायचे, सोलून ड्रायरमध्ये वाळवायचे, दळून उपासाचं पीठ विकायचं. माणसं तीनच. रेश्मा क्वालिटी हेड, फूड टेक्नॉलॉजीत एम.एस्सी. देवरामभाऊ ऑपरेशन्स हेड, आयटीआय केलेले, मशीनच्या आवाजावरून तिचं दुखणं ओळखणारे. रेश्माचा नवरा प्रवीण सीईओ. आणि देवरामभाऊ हे प्रवीणचे थोरले भाऊ, म्हणजे रेश्माचे भासरे.

आमच्याकडे जुन्या वळणाच्या घरांत भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. रेश्मा स्कूटी चालवते, एकटी नागपूरला जाऊन येते, बँकेच्या मॅनेजरला घाम फोडते. भासरे आले की मात्र डोक्यावर ओढणी आणि तोंडाला कुलूप. कंपनी काढताना पदं वाटली, नाती कशी बदलणार? म्हणून ती ड्रायरला बोलायची आणि ड्रायरच्या वतीने भाऊ उत्तर द्यायचे.

निरोप प्रवीणने पोचवावेत, असं मी सुचवून पाहिलं. प्रवीण स्वभावाने साखर. “पोती पुन्हा ओल्या जागेत ठेवली तर मी तलावात नेऊन टाकीन म्हणा,” असं रेश्मा म्हणाली, की तो भावाकडे जाऊन सांगायचा, “दादा, रेश्मा तुमची तारीफ करून राहिली होती.”

मग आमच्या सेंटरचे प्रमुख सोनटक्के सर रिव्ह्यूला आले. त्यांनी येताना पर्सनॅलिटी टेस्ट आणली. पन्नासेक प्रश्न सोडवायचे, की तुमचा स्वभाव कुठल्या रंगाचा ते कळतं. लाल म्हणजे हुकूम सोडणारा, पिवळा म्हणजे सगळ्यांना खूश ठेवणारा, असं काहीबाही. प्रवीण पिवळा निघाला. रेश्मा लाल. देवरामभाऊही लाल.

“एका टीममध्ये दोन लाल?” सर घाबरले. “म्हणूनच कम्युनिकेशन तुटलंय. उद्यापासून ड्रायरशी बोलणं बंद. जे असेल ते समोरासमोर, नजरेला नजर देऊन. या शेडमध्ये कोणी भासरा नाही, कोणी भावसून नाही.”

“मंग संध्याकाळी घरी जाऊन पुन्हा होवाचं का जी?” देवरामभाऊंनी विचारलं. सरांनी ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये इतकी शांतता पसरली की मला राइस मिलच्या खडखडाटाची आठवण येऊ लागली. नियमाप्रमाणे दोघं रोज समोरासमोर उभे राहत. रेश्मा जमिनीकडे बघत विचारायची, “माल बरोबर आहे ना जी?” देवरामभाऊ छताकडे बघत म्हणायचे, “एकदम बढिया आहे जी.” की झाली मीटिंग. सरांना फोटो गेले. सरांचा अंगठा आला.

महाशिवरात्रीची ऑर्डर तोंडावर होती. नागपूरचा एक मोठा व्यापारी माल पाहायला येणार होता. ही ऑर्डर गेली असती तर वर्षाचा सीझन गेला असता. प्रवीण रायपूरची जुनी नोकरी पुन्हा धरणार होता आणि रेश्माला त्याच्यासोबत जावं लागणार होतं. “मी गोठ्यात बैलच बांधतो मंग,” देवरामभाऊ म्हणाले होते. मलाही मनापासून वाईट वाटलं होतं.

व्यापारी यायच्या दिवशी सकाळी पहिलं पोतं उघडलं. पिठाला कुबट वास. मुठीत दाबलं तर लाडू झाला. म्हणजे ओलावा राहिलेला. सोनटक्के सर नेमके आपल्या पॉलिसीचं यश बघायला हजर होते.

“कुणाची चूक?” सरांनी विचारलं.

“माझीच असंन जी,” रेश्मा म्हणाली.

“नाई जी, माझीच,” देवरामभाऊ म्हणाले.

“वा! ओनरशिप!” सर म्हणाले.

माझं डोकं फिरलं. व्यापारी दुपारच्या गाडीने उतरणार आणि हे दोघं एकमेकांना मान देत उभे. मी सरांचा दंड धरून त्यांना दोघांच्या बरोबर मध्ये उभं केलं. “सर, हलायचं नाही. बोलायचं नाही.” मग रेश्माला म्हणालो, “पोरी, यांना बोल.”

तिने सरांकडे पाहिलं. एक मोठा श्वास घेतला.

“ट्रे गच्च भरून राहिले तुम्ही! आठ दिवसांपासून पाहून राहिली मी! ट्रे आहे का बैलगाडी? मधला माल वाळंल कसा? अक्कल कुठं ठेवली?”

सर एक पाऊल मागे सरले, तर मागून देवरामभाऊ सुरू झाले.

“आन् तुमी घडीघडी दार कायले उघडता जी? सॅम्पल पायजे, सॅम्पल पायजे! गरम हवा काय तुमच्या मामाच्या घरून येते? डिगऱ्या करून डोक्स्यात भुसा भरला का?”

“मी काय केलं?” सर कळवळले.

“गप राहा!” दोघंही एकदम ओरडले.

दोघांचंही बरोबर होतं. दोघांनाही ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तोंडावर कसं बोलायचं म्हणून दोघांनीही माल खराब होऊ दिला होता. आता कुबट पोती बाजूला गेली, ट्रे निम्मे भरले गेले आणि दार बंद राहिलं. न दळलेला शिल्लक माल पुन्हा आत गेला, आणि दार तासातून एकदाच उघडायचं, असं रेश्माने सरांना बजावलं आणि भाऊंनी सरांनाच होकार दिला. सर जेवायला जायला निघाले, त्यांना कोणी सोडलं नाही. प्रवीण स्टेशनवर गेला आणि त्याने व्यापाऱ्याला आधी तलाव दाखवला, मग चहा पाजला, मग पुन्हा तलाव दाखवला. या कामाला पिवळाच माणूस लागतो.

दुपार कलताना व्यापाऱ्याने नुकतंच दळलेलं ताजं पीठ मुठीत दाबलं. मूठ उघडली तसं ते बोटांतून भुरभुर सांडलं. त्याने वास घेतला, पुन्हा मूठ भरली आणि म्हणाला, “पूरा माल उठा लूंगा.” रेश्मा भिंतीकडे तोंड करून रडली. देवरामभाऊ उगीचच बाहेर जाऊन हातपाय धुऊन आले.

निघताना सोनटक्के सर माझ्यापाशी थांबले. चेहरा पार उतरलेला.

“दिवसभर मला वाट्टेल ते बोलले. निदान सॉरी तरी म्हणायचं.”

देवरामभाऊंनी ते ऐकलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं.

“सर, तुमाले कोन काय म्हनलं जी?”

तेव्हापासून नवी टीम आली की मी रंग बघत नाही. रागवायचं कोणाच्या आडून, एवढं ठरलंय का ते विचारतो. नसेल ठरलं, तर सोनटक्के सरांचा नंबर देतो.