सगळी उत्तरं बरोबर

त्या वर्षी मी आळेफाट्याला खोली घेऊन राहत होते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या नर्सबाई, आशाताई आणि जनावरांचे डॉक्टर यांना गाठून प्रश्न विचारायचे, हे माझं काम. अँटिबायोटिक औषधं आताशा लागू पडेनाशी झालीत, हे तुम्हाला माहीत आहे का? तसं का होतं? तुम्ही स्वतः काय करता? मी फार्मसी शिकलेली, पण इथं माझ्या शिक्षणाचा काही उपयोग नव्हता. प्रश्न पुण्याहून छापून आले होते. मी विचारायचे आणि चौकटीत खूण करायचे.

बोरी बुद्रुकच्या पुढं एका वस्तीवर मला एकाच घरात दोन मुलाखती मिळाल्या. नवरा जनावरांवर उपचार करायचा. डिप्लोमा झालेला, मोटरसायकलला मागं औषधांची पेटी बांधलेली; गावात सगळे त्याला डॉक्टरच म्हणत. बायको उपकेंद्रात नर्स. ती नुकतीच ड्यूटीवरून आली होती आणि साडीचा पदर खोचून चहा टाकत होती.

त्यानं सगळी उत्तरं बरोबर दिली. कोर्स अर्धवट सोडला तर काय होतं, सर्दीला अँटिबायोटिक का द्यायचं नाही, सगळं. गायीला इंजेक्शन दिल्यावर दूध काही दिवस डेअरीला घालायचं नाही, हेही सांगितलं. मग हसला.

"उत्तर बरोबर हाय ना, ताई? पण दूध ओतून देणारा माणूस मला या भागात दाखवा."

"मग तुम्ही काय करता?"

"सांगतो. सांगायचं आपलं काम. आन् मी इंजेक्शन नाय दिलं तर तो दुसऱ्याला फोन लावतो. दुसरा दोन देतो."

आतून बायको म्हणाली, "अहो, निदान हातात मोजे घालत जा, तेवढं तरी ऐका." ते त्यानं न ऐकल्यासारखं केलं. मी दोघांच्या कागदांवर खुणा केल्या, चहा प्याले आणि निघाले. त्याच्यासारखी चांगली मुलाखत मला त्या महिन्यात दुसरी मिळाली नव्हती.

उन्हाळ्यात एका दुपारी तिचा फोन आला. आधी मला आवाज ओळखूच आला नाही.

"मॅडम, यांचा हात सुजलाय. कोपराच्या वर गेलीय सूज. ताप उतरत नाही."

मग तिनं झालेलं सांगितलं. एका गोठ्यात गाय व्याल्यावर तिची वार आत अडकली होती. मालकानं आधी मेडिकलमधून आणून स्वतःच इंजेक्शनं टोचली, एकामागून एक, वेगवेगळी. गाय बसल्यावर मग तिच्या नवऱ्याला बोलावलं. वार सडलेली होती. त्यानं उघड्या हातानं ती काढली. अंगठ्याजवळ विळ्याची जखम होती, कांदा काढताना झालेली. घरी आल्यावर आग व्हायला लागली, तेव्हा त्यानं पेटीतलं जनावरांचं इंजेक्शन स्वतःलाच टोचून घेतलं. दुसऱ्या दिवशी परत घेतलं.

"याच्या वरचं कोणतं देऊ?" तिनं विचारलं. "उपकेंद्रात माझ्याकडं काही नाही. तुम्ही फार्मसीवाल्या ना?"

मी म्हणाले, "काही देऊ नका. आत्ता गाडी करा आणि पुण्याला न्या."

"पुण्याला? एवढं आहे?"

मी पुन्हा म्हणाले, पुण्याला न्या.

दोन दिवसांनी मी पुण्याला दवाखान्यात गेले. तो ग्लानीत होता. हात उशीवर ठेवलेला, बोटं काळी पडायला लागलेली. जखमेतल्या पुवाचा रिपोर्ट आला होता. जंतूंवर कोणतं औषध चालतं ते पाहायला एकेक औषध तपासतात. ती यादी तिनं माझ्यापुढं धरली. जवळजवळ सगळीकडं लागू नाही, लागू नाही असंच होतं. खाली एक महागडं औषध उरलं होतं, ते चालू केलं होतं.

"ही सगळी औषधं मला पाठ आहेत," ती म्हणाली. "मी पेशंटला दिलीत, यांनी जनावरांना." मग ती एवढंच म्हणाली, "हात काढायचा म्हणतायत. सही करू ना?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती सरळ उभी राहिली आणि तिनं सही केली.

तो वाचला. उजवा हात खांद्यापासून गेला.

पावसाळा संपता संपता मी त्यांच्याकडं गेले. अंगणात तो खुर्चीवर बसला होता, शर्टाची बाही आत दुमडून पिनेनं अडकवलेली. बराच वाळला होता. गावात लोक काय म्हणतात ते त्यानंच सांगितलं. "म्हणत्यात गायीचं विष चढलं. मी सांगतो, इख न्हवतं राव, औषध लागू पडलं नाय. तर म्हणत्यात, भारी औषध द्यायला पायजे व्हतं."

आम्ही बोलत असतानाच एक शेतकरी मोटरसायकलवरून आला. त्याच्या गायीचं एक सड दगडासारखं झालं होतं, दुधात गाठी येत होत्या.

"डॉक्टर, तुमी फकस्त इंजेक्शनचं नाव सांगा. टोचायचं मी बघतो."

"आधी दूध तपासायला पाठव. कोणतं औषध चालतं ते कळू दे. तवर सड पिळून काढ, दिवसातनं चार-पाच वेळा. आन् ते दूध डेअरीला घालू नको."

शेतकऱ्यानं मान हलवली. त्याची नजर त्या दुमडलेल्या बाहीवर गेली आणि लगेच दुसरीकडं वळली. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि तिथंच अंगणात उभ्यानं दुसऱ्या डॉक्टरला लावला. "हां, लई दुखतंय तिला. येताना ते भारीतलं घेऊन या."

खुर्चीतला माणूस सगळं ऐकत होता. बायको दारात उभी राहून ऐकत होती. फोन ठेवून तो शेतकरी जायला वळला, तेव्हा यानं पाठीमागून हाक मारली.

"वासराला तरी ते दूध पाजू नको रे."

"बघू," तो म्हणाला आणि गाडीला किक मारली.