शेवटची वाटी

आमच्या गावात आवा वाढायची तर ती सेफोच्याच पुकाऱ्यानं. मुळं कुटून केलेलं ते कडवट पेय एरवी कुणीही पिईल, पण सभेतली आवा वेगळी. सभाघर गोल, चहूबाजूंनी उघडं. प्रत्येक मानकरी आपापल्या ठरलेल्या खांबाला पाठ टेकून बसतो आणि प्रत्येकाच्या वाटीला, माणसाच्या नावाहून वेगळं, स्वतःचं नाव असतं. सेफोनं ते नाव खणखणीत पुकारायचं, मग वाढपी करवंटी घेऊन त्या खांबाशी जाणार. नाव चुकलं की त्या घराण्याचा अपमान. मग द्या डुकरं, द्या चटया, पडा पाया.

"काय डोकं आहे सेफोचं!" लोक म्हणायचे. सेफोला हसू यायचं. डोक्यात कुठं काय होतं? खांबाकडे बघितलं की नाव आपसूक जिभेवर यायचं. तोच मानकरी किनाऱ्यावर जाळं टाकताना भेटला, तर त्याची वाटी आठवायला सेफोला डोळे मिटून मनातल्या मनात सभाघरात जाऊन बसावं लागे.

पुकारणाऱ्यानं स्वतःची वाटी स्वतः पुकारायची नाही, अशी आमची रीत. सेफोची वाटी अगदी शेवटी, आणि ती पुकारायचा लाफाएले, त्याचा लंगोटीयार. बरं, सरळ पुकारील तर शपथ! आधी हा लांबलचक खाकरायचा, मग म्हणायचा, "थांब लेका, आठवतोय." सगळी सभा खो-खो हसायची आणि त्या हसण्यातच तो नाव पुकारून मोकळा व्हायचा.

तो लाफाएले गेला. सेफोची बायको पेनिना त्याच्या आधीच गेली होती. मुलगी ऑकलंडला. रविवारी फोन करते, "बाबा, जेवलात ना?" विचारते, आणि मागं तिची पोरं ओरडत असतात म्हणून ठेवून देते. सेफो अजून दोघांपुरता तारोचा कंद उकडतो आणि उरलेला कोंबड्यांना घालतो. शनिवारची सभा तेवढी उरली होती. तिथं माणसं त्याच्या तोंडाकडे बघत.

आणि आता तीही जायची वेळ आली. लाफाएलेच्या घरच्यांनी अजून वारस ठरवला नव्हता, त्यामुळे त्याचा खांब रिकामा. गावचे थोरले मानकरी तोआ घरी येऊन बसले.

"सेफो, मेलेल्या माणसाची वाटी तोंडातून निघता कामा नये. त्यांच्या घरात अजून रडणं थांबलेलं नाही. तुझं वय झालंय. एक चूक झाली, की पुढच्या वेळेपासून तो पोरगा इओआने पुकारेल. त्यानं तुझं ऐकून ऐकून सगळं फोनवर उतरवलंय."

"उतरवू दे," सेफो म्हणाला.

आठवडाभर तो अंगणात नारळाची सोडणं गोल मांडून सराव करत बसला. हा खांब, तो खांब, आणि हा नाही. हा नाही! पण जितकं 'हा नाही' म्हणावं, तितकं लाफाएलेच्याच वाटीचं नाव आधी ओठांवर यायचं. भाची रुता दवाखान्यातलं काम आटोपून घरी जाताना थबकली.

"मामा, अहो, तिकडे बघायचं नाही म्हटलं की मन तिकडेच पळतं. त्याच्या पुढच्या खांबावर नजर ठेवा. मनाला दुसरं काम द्या."

शनिवारी सेफोनं तेच केलं. सगळ्या सभेचे डोळे त्या रिकाम्या खांबावर, आणि सेफोची नजर त्याच्या पुढच्यावर. नाव घशापर्यंत आलं. त्यानं गिळलं. पुढच्याची वाटी पुकारली. सभेनं श्वास सोडला. इओआनेनं फोन कमरेला खोचला. एकेक करत सगळ्यांच्या वाट्या झाल्या.

वाढप्यानं शेवटची करवंटी भरली आणि तो उभा राहिला.

सेफोनं सवयीनं लाफाएलेच्या खांबाकडे बघितलं. आता खाकरेल. कुणीच खाकरलं नाही. मग सेफोच्या लक्षात आलं, त्याची वाटी पुकारणारा उरलाच नव्हता. बाकीचेही एकमेकांकडे बघू लागले. एवढा आठवडा गाव एकाच खांबाची काळजी करत बसलं होतं. हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"इओआने, बघ की तुझ्या फोनात," तोआ म्हणाले.

इओआने ओशाळला. "शेवटची नाही घेतली, आजोबा. लाफाएलेकाका खाकरले, की आम्ही सगळे हसायलाच लागायचो."

खाकरणं सगळ्यांना आठवत होतं. नाव एकालाही नाही.

"सेफो, तूच सांग," तोआ हळूच म्हणाले. "मी पुकारतो."

सेफोनं तोंड उघडलं. लाफाएलेचं खाकरणं त्याला ऐकू आलं, "थांब लेका" ऐकू आलं, आणि पुढं काहीच नाही. ते नाव त्यानं जन्मात कधी स्वतःच्या तोंडानं घेतलं नव्हतं. त्यानं डोळे मिटले, सगळे खांब फिरून आला. प्रत्येक खांबाशी एकेक नाव होतं. त्याच्या स्वतःच्या खांबाशी कुणीच नव्हतं. त्याला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण सभेत रडत नाहीत.

"आवा संपली," त्यानं पुकारलं.

वाढप्यानं करवंटी परत पातेल्यात रिती केली. उठता उठता तोआंनी सेफोच्या पाठीवर हात ठेवला.

"शाबास. एकही चूक नाही. पुढच्या शनिवारीही तूच."