बिनदुधाची गाडी

दुधावरची साय बोटाला चिकटली की माझ्या अंगावर अजूनही काटा येतो. वय साठीच्या पुढे गेलं, केस पिकले, पण ही किळस काही म्हातारी झाली नाही. तापलेल्या दुधाचा वास, उतू जाऊन शेगडीवर करपलेला तो पिवळा थर, चहाच्या गाळणीत चोथ्याबरोबर लोंबणारे सायीचे धागे. नुसतं लिहितानाही घशात काहीतरी वर येतं. आणि मला दिलं कुठं, तर बोरीला, दारात म्हशी बांधलेल्या घरात.

नवरा रेल्वेत गार्ड होता. त्यांचं मुख्यालय पूर्णा, त्यामुळे महिन्यातले थोडेच दिवस ते घरी असत. मी सासरी, बोरीला. स्वयंपाकघर थोरल्या जाऊबाईंच्या हातात होतं. त्यांना मी आक्का म्हणायची. रोज सकाळी आक्का वाटीभर साय काढून, वर साखर भुरभुरून माझ्यासमोर आणून ठेवायच्या. "खा, अंग धर जरा," म्हणायच्या, आणि मी संपवेपर्यंत समोरच उकिडव्या बसायच्या. मी श्वास रोखून गिळायची आणि वर तांब्याभर पाणी प्यायची. सासूबाईंच्या लेखी दूध म्हणजे लक्ष्मी. लक्ष्मीची शिसारी येते असं नव्या सुनेनं कोणत्या तोंडानं सांगायचं? कोरा चहा मागावा तर तो त्या घरात फक्त कुणी वारल्यावर व्हायचा. एकदा मागितला तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा हिंमत झाली नाही.

पुढे पूर्णेला क्वार्टर मिळालं, पण दुधानं काही पाठ सोडली नाही. यांचे सोबती गाडीवरून उतरायचे ते थेट आमच्या घरी. दिवसभर पातेलं चुलीवर. माझ्या नाकात तो वास घर करून बसला. मग एकदा पासावर दक्षिणेकडे फिरायला गेलो होतो, तेव्हा एका स्टेशनावर कॉफीवाल्याचं दूध संपलं होतं. त्यानं काळीच कॉफी पुढे केली. हे म्हणाले, "असलं कुणी पितं का? राहू दे." मी प्याले. कडू, गरम, स्वच्छ. जिभेवर कसलाही चिकटा नाही. आपल्यासाठी पण काहीतरी आहे या जगात, असं मला त्या दिवशी वाटलं.

निवृत्त झाल्यावर लोक घर बांधतात. आम्ही पूर्णेतच भाड्यानं राहिलो आणि यांनी शाळेची जुनी मिनीबस घेतली. मोबाइलवर बघून बघून यांच्या डोक्यात कॅम्पर शिरला होता. आयुष्यभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून, मागे सरत जाणारे रूळ बघितले. आता पुढं बसून जायचं, मनाला येईल तिथं थांबायचं, असं त्यांचं म्हणणं. परभणीच्या एका गॅरेजात सीटा उपटल्या, पलंग ठोकला, मागच्या दाराशी हातभर ओटा केला, त्यावर एकाच बर्नरची शेगडी. हौसेनं मला दाखवायला नेलं. ओट्याच्या वरच्या खिळ्याला त्यांनी आधीच चहाचं पातेलं आणि गाळणी अडकवून ठेवली होती. माझं टाळकंच सटकलं.

"हे खाली उतरवा," मी म्हणाले. "या गाडीत दूध चढणार नाही. थेंबभर चढलं तर मी उतरेन."

"आणि चहा?"

"चहा गावोगाव टपरीवर मिळतो. तिथं प्या, तोंड पुसा आणि या."

त्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं. एकट्यानं फिरण्यात त्यांना राम वाटेना. पातेलं उतरवलं. मला आयुष्यात पहिल्यांदा बिनदुधाचं स्वयंपाकघर मिळालं, हातभर का होईना. त्यात एकच वस्तू यायची होती, माझी कॉफी करणारी. ती निवडायला मी निघाले.

परभणीच्या दुकानात गेले तर दुकानदारानं विजेवरचं मशीन काढलं. प्लास्टिकच्या डबीतून कॉफी येते म्हणे. मी म्हटलं, मला दूध नको. तो म्हणाला, "बघा तर ताई," आणि बाजूची नळी दुधाच्या मगात बुडवली. फुस्स फुस्स करत दुधाला फेस आला, बुडबुडे मगाच्या कडेवरून ओघळले आणि त्यानं ते बोटानं पुसून बोट चाटलं. मी दुकानाबाहेर येऊन उभी राहिले. शिवाय गाडीतल्या बॅटरीवर ते मशीन चालवलं असतं तर रात्री दिवा लागला नसता.

मग काचेचा दांड्याचा मग आणला. गरम पाण्यात कॉफी टाकायची आणि जाळी खाली दाबायची. कॉफी झकास झाली. पण परभणी-जिंतूर रस्त्यावर एक फेरी मारून बघितली तर काच तांदळाच्या डब्यात चुरा होऊन पडलेली. सगळा तांदूळ फेकला. हे म्हणाले, "गार्डाच्या पेटीत काचेचं काही ठेवत नसतात, तुला माहीत नाही?" माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायची इच्छा नव्हती.

शेवटी मोका पॉट घेतला. ॲल्युमिनियमचा, बुटका, दोन कप्प्यांचा. खालच्या कप्प्यात पाणी, मधल्या जाळीत कॉफी, खाली आच लागली की वरच्या कप्प्यात कॉफी चढते. वीज नको, काच नको, धुवायला सोपा. शेगडीच्या पायांवर तो कलंडायचा, तर यांनी पत्रा गोल कापून त्याची बैठक करून दिली. मला तो पॉट इतका आवडला की पहिले काही दिवस मी तो उगाच पुसत होते. त्याला दुधाचा वारा लागू द्यायचा नाही, असं मी ठरवलंच होतं.

पहिली फेरी येलदरी धरणाच्या पाण्याकडे. वाटेत बोरी. बोरी चुकवून पुढं जायचं म्हणजे भावकीत तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून थांबलो. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. थोरले दीरही नाहीत. आक्का मात्र तशाच, काटक, कोपरापर्यंतच्या हिरव्या बांगड्यांऐवजी आता एकेक पाटली. गाडीत चढून त्यांनी सगळं हात लावून बघितलं.

"आन हे काय गं? खेळण्यातलं हाय का?"

"कॉफीचं भांडं आहे, आक्का. थांबा, करूनच देते."

त्यांनी घोटभर पिऊन तोंड कसनुसं केलं. "अगं बाई, ह्यो तर काढा हाय. असलं काय पितीस? तब्येत बरी न्हाई का?" मी हसून वेळ मारून नेली. त्यांनी कप आणि पॉट दोन्ही उचललं. पाहुण्यानं भांडं धुवायचं नसतं, त्या मला आत येऊच देईनात. मी तरी किती ओढाताण करणार? निघताना पॉट परत आला तो फडक्यात घट्ट बांधून. यांनी तो शेगडीखालच्या खणात ठेवला. आक्का दारात उभ्या राहून हात हलवत होत्या.

आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. मूठभर साखर, चार बोरं, काहीतरी घालून देतात. हे मला ठाऊक होतं. पण कॉफीच्या पॉटालाही तोच रिवाज लागू होतो, असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

येलदरीला पोचलो, पाण्याकाठी गाडी लावली. मी म्हटलं, आता कॉफी. खण उघडला आणि वास आला. मला तो वास हजारांत ओळखू येईल. फडकं ओलंचिंब, पिवळं. झाकण उघडलं तर आत चीक. म्हैस नुकतीच व्याली होती आणि आक्कांनी पहिल्या धारेचं ते घट्ट, पिवळंधमक दूध पॉटात काठोकाठ भरून दिलं होतं. दोन कप्पे दिसले म्हणून दोन्ही भरले होते, मध्ये जाळी बसवून. वाटेत हिंदकळून ते खणात, खणातून गादीच्या कडेला झिरपलं होतं.

"फेका," मी ओरडले.

"चीक फेकायचा?" यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "वहिनींनी एवढ्या मायेनं दिलाय. तू बाहेर बस, मी खरवस करून घेतो. भांडं मग मीच घासतो."

मी बाहेर बाभळीखाली जाऊन बसले, पाठ करून. यांनी आहे तसा पॉट शेगडीवर चढवला. थोड्या वेळानं बारीक शिट्टी ऐकू आली, मग यांची बोंब. पॉटाच्या कुशीत वाफ सोडायचं एक छिद्र असतं. खाली चीक गोठून बसला, वाट सापडेना, तेव्हा त्या छिद्रातून पिवळी चिळकांडी उडाली. पडद्यावर, पलंगावर, छताला, यांच्या चष्म्यावर. वरच्या नळीतून बुळबुळीत गोळे फसफसत बाहेर येत होते. मी दारातून एकदा बघितलं आणि बाभळीमागे जाऊन ओकले.

त्याच वेळी माझा फोन वाजला. आक्का.

"पोचलात का? खरवस झाला का गं? मऊ झाला का?"

एरवी मी म्हटलं असतं, छान झाला. पण तोंडात अजून आंबट पाणी होतं, आणि माझं ते हातभर स्वयंपाकघर समोर पिवळं होऊन बसलं होतं. 

"आक्का, मला दुधाची किळस येते. सायीची तर लय. पहिल्यापासून. तुम्ही वाटी द्यायच्यात ना, ती मी श्वास रोखून गिळत होते."

 

"मंग बोलली का न्हाईस?" आक्का म्हणाल्या. आवाज रागाचा नव्हता. "सासूबाईनं सांगितलं व्हतं, साय आता धाकटीला द्यायची. त्याच्या आधी ती वाटी माझी व्हती. मला लय आवडती गं साय. तू खायचीस तवा मी समोर बसून नुसती बघायची."

मग त्या हसल्या. "काय बाया आपण," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पॉट यांनी चिंच लावून घासला, राखेनं घासला, छिद्रात सुई घालून कोरला. वास गेला नाही. त्यात केलेली कॉफी मला तोंडाशी नेववेना. पूर्णेला परत आल्यावर मी गाडीसाठी स्टीलचा साधा फिल्टर आणला. वर कॉफी आणि गरम पाणी, खाली थेंब थेंब गळत राहतं. वेळ लागतो, पण त्यात दूध भरावंसं कुणाला वाटणार नाही, कारण वरचा कप्पा गळकाच आहे. निवड करताना ही गोष्ट मी मुद्दाम दुकानात पाणी ओतून बघून घेतली.

राहिला तो पॉट. तो आक्कांनाच द्यायचं ठरवलं. पण रिकामा कसा देणार?

घरी यांच्या चहाचं दूध रोज तापतं, त्यावरची साय काढून मी त्या पॉटात, फ्रिजमध्ये, साठवायला लागले. हे म्हणाले, मी काढतो. मी म्हटलं, नको. एका हातानं नाकाला पदर, दुसऱ्या हातात चमचा. ती लिबलिबीत घडी चमच्यावरून घसरली की डोळे मिटून परत उचलायची. पॉट भरला, तशी बोरीला निघाले. बिनदुधाच्या गाडीत दूध चढलं, आणि ते माझ्याच मांडीवर बसून आलं. खिडकी सताड उघडी ठेवली होती.

आक्कांनी झाकण उघडलं.  आतून साखर आणली, भुरभुरली आणि ओसरीवरच फतकल मारून बोटानं खायला लागल्या. साय ओठाला लागत होती, हनुवटीवर ओघळत होती, त्या ती परत बोटानं तोंडात ढकलत होत्या.  मी पदर नाकाला लावला आणि त्यांचं संपेपर्यंत समोर बसून राहिले.