विहीणबाईंचं प्रस्थान

“नाही,” मी म्हटलं. “जून तुम्ही बघणार नाही.”

विहीणबाई लसूण सोलत होत्या. हातातली पाकळी पुरी सोलून त्यांनी वाटीत टाकली, मग सुरी खाली ठेवली. दुपार कलते न कलते तोच बाहेर काळोख. ड्रेस्डेनला जानेवारीत तसंच असतं. “बरं झालं,” त्या म्हणाल्या, “एकानं तरी सांगितलं. शिळी भाजी ताजी म्हणून खपवणाऱ्या आचाऱ्यासारखं तोंड झालंय नचिकेतचं.”

त्यांना जाऊन दीड महिना झाला. माणूस गेलं की लिहिणारे त्याला गोड करतात. मी चौथी शिकलेली, मला ते जमणार नाही. सुमतीबाई, म्हणजे माझ्या जावयाची आई, गोड नव्हत्या. माझ्या सायलीच्या लग्नात त्यांनी मानाची साडी भर मांडवात उलगडून उजेडाला धरून बघितली होती. पुण्यात त्यांनी जन्मभर खाणावळ चालवली, चूल गणपतीतसुद्धा बंद नाही. लोक काशीला निघाले, काश्मीरला निघाले, की या त्यांना पोळ्या बांधून द्यायच्या. स्वतः लोणावळ्याच्या पलीकडे गेल्या नाहीत. मुलानं म्हातारपणी जर्मनीला नेलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही अशा नॉर्वेच्या टोकाला बोटीनं न्यायचं. नचिकेत कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. “आल्झो आई, पुढच्या उन्हाळ्यात नक्की,” असं जर्मन ‘तर मग’ लावून म्हणत त्यानं दोन उन्हाळे घालवले.

नोव्हेंबरात सायलीच्या दुसऱ्या बाळंतपणाला मी गेले. एका खोलीत दोन विहिणी आणि एक हीटर. मला तो बंद लागायचा, त्यांना पुरता उघडा. “मुलीकडे राहायचं ते राहायचं, वर हीटरही बंद?” त्या म्हणायच्या. “तो माझ्या मुलीच्याही पगारावर तापतो,” मी म्हणायची. बाल्कनीत ठेवलेलं दूध दगड व्हायचं. बाहेर फरशीवर काच पसरल्यासारखा बर्फ. विहीणबाईंचे पाय सुजून बुटात जाईनात, आडवं झालं की श्वास लागायचा, म्हणून उशा रचून बसून झोपायच्या. आणि तशा बसल्या बसल्या बोटीच्या गोष्टी... “तुम्हीही चला, विहीणबाई. तिथे सूर्य मावळत नाही.” मी म्हटलं, “मला काय करायचंय? आमच्या सांगलीला तो मावळला की बरं वाटतं.”

डिसेंबरात त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच जर्मनमध्ये सांगितलं, की हृदय थकलंय, उन्हाळा काही दिसत नाही. नचिकेतनं मराठीत सांगितलं, “थंडीमुळे आहे आई. ऊन पडलं की बरं वाटेल.” सायलीनं मला खरं सांगितलं, वर कुणाजवळ बोलू नकोस म्हणून दम दिला. तेव्हापासून रोज संध्याकाळी टीव्हीवर बोटी. खिडकीची खोली घ्यायची की बिनखिडकीची? जेवणात काय देतात? नचिकेत हसून दाखवायचा आणि त्या त्याच्या तोंडाकडे बघत बसायच्या. शेवटी एका दुपारी, घरात आम्ही दोघीच जाग्या होतो तेव्हा, त्यांनी विचारलं, “तुम्हाला खोटं बोलता येत नाही, तेवढा एक गुण आहे तुमच्यात. जूनमध्ये मी बोटीवर जाईन का?”

मी नाही म्हटल्यावर त्यांनी लसणाची सालं गोळा केली. मग हात धुऊन आल्या. “परवा दिवस चांगला आहे. प्रस्थान ठेवते.”

हल्लीच्या लोकांना हे ठाऊक नसेल. निघायचा मुहूर्त आला आणि माणसाला निघता येत नसलं, तर जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी आपलं गाठोडं नेऊन ठेवायचं. माणूस निघाला असं धरतात. मग ते गाठोडं प्रवास झाल्याशिवाय परत घरात आणत नाहीत.

पिवळ्या फडक्यात त्यांनी नारळ, सुपारी, मूठभर तांदूळ, एक खण बांधला. आणि बोटीवर लागेल म्हणून नचिकेतनं पहिल्या उन्हाळ्यात घेतलेला काळा गॉगल, दुकानातली चिठ्ठी अजून लटकत असलेला. उत्तरेला समोरचं दार फ्राऊ क्राउझेंचं. फोडणीच्या वासावरून आमच्या दारावर तक्रारीचे कागद चिकटवणारी ही विधवा म्हातारी. भिंत धरत, दोनदा थांबत विहीणबाई तिच्या दाराशी गेल्या. बरोबर नात रेवा होती. तिला मराठी कळतं, बोलते जर्मन. तिनं काय सांगितलं देव जाणे. क्राउझेबाईंनी गाठोडं हुंगलं, “गेनाऊ”, म्हणजे बरोबर, असं म्हणाल्या आणि आतल्या बुटांच्या कपाटावर ठेवलं.

“झालं,” विहीणबाई मला म्हणाल्या. “निघाले मी. आता हीटर बंद करा हवा तर.”

पुढच्याच आठवड्यात त्या गेल्या, बसल्या जागी. “तुम्ही सांगितलंत, म्हणून तिनं हाय खाल्ली,” असं नचिकेत म्हणाला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. त्यांनी हाय खाल्ली असं मला वाटत नाही. त्या आठवड्यात त्यांनी दोनदा पिठलं मागून घेतलं होतं, आणि बोटीचं नाव एकदाही काढलं नाही. मग तिथल्या स्मशानात रांग. दहावा झाला, तेरावा झाला, आणि बाई शवागाराच्या थंड खणात तशाच. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाईला आग मिळायला तीन आठवडे लागले.

नचिकेत गाठोडं आणायला गेला होता. सायलीनं मला नंतर सांगितलं, की क्राउझेबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हे सामान तुझं नाही. जूनमध्ये निघायचं आहे, तोवर माझ्याकडे ठेवलंय. आणि दार लावलं. आईची वस्तू मिळाली नाही म्हणून तो घरी येऊन रडला. रडू दे.

मी निघाले त्या दिवशी ते दार उघडं होतं. गाठोडं कपाटावर तसंच. क्राउझेबाई त्याच्या भोवतीनं फडकं फिरवत होत्या, त्याला हात न लावता. नारळ आता आतून सुकला असेल, हलवला तर खडखडेल.

मी सांगलीत आहे. ऊन चटके देतंय. त्या खोलीत हिवाळ्यात दोन म्हाताऱ्या होत्या. एक निघाली. उरले ती मी.