बोटावरचं कुंकू

आमच्या घरातल्या बायकांच्या ओठांवर आणि बोटांच्या टोकांवर बारीक लाल ठिपके असतात. माझ्या आईला होते, मला आहेत, माझ्या लेकीलाही वयात येताना उमटले. आम्ही त्याला महाकालीचं कुंकू म्हणायचो. घोळणा फुटला की कांदा हुंगायचा, टाळूवर पाणी थापायचं आणि देवीचं नाव घ्यायचं. खरं सांगू, मला त्या ठिपक्यांचा तोराच होता.

लेकीला दिवस गेले आणि माझा तोरा उतरला. माझी आई माझ्या पाठच्या भावंडाच्या वेळी, सातव्या महिन्यात, खोकल्यातून रक्त पडून गेली होती. लेकीला पाचव्यातच दोन पावलं चालली की धाप लागायची. दवाखान्यात रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या, पण ठिपक्यांबद्दल मी तिथे चकार शब्द काढला नाही. देवीची गोष्ट डॉक्टरला कशाला सांगायची, असं वाटलं.

मग चिमूरजवळच्या आमच्या गावाहून तिला चंद्रपूरला नेलं. महाकालीपुढे ओटी भरली. "तुझं कुंकू आहे माय, तूच सांभाळ," एवढंच म्हणाले आणि रडू कोसळलं. देवीकडून काही खूण मिळाली नाही. रुसूनच बाहेर आले.

बाहेर लेकीला हिरव्या बांगड्या भरायला बसवलं. बांगडीवाली वयस्कर मुसलमान बाई होती. हात दाबता दाबता ती थांबली. लेकीचं एक बोट चेपून सोडलं, पुन्हा चेपलं.

"हे कुंकू नाई, बाई. दाबलं का जाते, सोडलं का येते. माझ्या लेकालेबी असेच हायेत. पोरीच्या नाकातून रक्त येते ना? धाप लागते?"

मी फणकारले, "तुमाले काऊन पाह्यजे?"

ती चिडली नाही. "माझ्या लेकाच्या फुप्फुसात नसांचा गुंता निघाला होता. आजच्या आज नागपूरले ने हिले. ठिपके दाखव, लपवू नोको."

लपवू नको! हे हिला कुणी सांगितलं? घरी न जाता आम्ही तशाच नागपूरला गेलो. आजार पिढीजात निघाला, बारीक रक्तवाहिन्यांचा. लेकीच्या फुप्फुसात शिरांचा गुंता होता. मांडीतून बारीक नळी घालून डॉक्टरांनी तो बंद केला. आणखी थांबलो असतो तर काय झालं असतं, ते मी त्यांना विचारलं नाही. मला माझी आई आठवत होती.

नात झाली. देवीने सांभाळलं, पण माझ्या हट्टाच्या वाटेने नाही. तिच्यावर सोपवते म्हणत मी ठिपके मात्र मुठीत धरून बसले होते. मूठ उघडायला तिने दुसरीचा हात लावला.

यंदा चैत्रात नातीला दर्शनाला नेलं. बांगडीवालीने तिला काळ्या बांगड्या घातल्या आणि एकेक इवलं बोट चेपून पाहिलं. "आता तं काई नाई. पण डॉक्टरले दाखवत राह्यजा."

मी वाकून तिच्या पायाला हात लावला. ती दचकलीच. "माझ्या काय पाया पडतेस वो? आत जा ना, देवीच्या पड."

"आतूनच आली ना मी," मी म्हणाले.